मशीनच्या हाती आईचा चेहरा

मंडळी, आज आईला इंदूरच्या डॉक्टरांना दाखवून दुपारी परतले, म्हणून लिहितेय.

आईच्या कानामागे गाठ आहे, चेहऱ्याच्या नसेला चिकटलेली. नस दुखावली तर अर्धा चेहरा लुळा पडेल. डॉक्टर म्हणाले, मशीनचा हात हत्यार धरेल, पण तो हात चालवणार मीच. माणसाचा हात थोडा तरी थरथरतो, मशीनचा नाही.

आईनं विचारलं, "और बिजली चली गई तो?"

"बैटरी है, माताजी. और मैं तो हूँ ही."

माझ्याच्यानं ऑपरेशनच्या संमतीच्या फॉर्मवर सही होईना. शेवटी आईनंच पेन घेतलं आणि सही केली.

आमच्या गावी नानाखेडा स्टँडवर बसमधून उतरल्यावर आई म्हणाली, "घरी नको, आधी फ्रीगंजच्या बाजारात चल. फोटो काढायचाय."

दात पुढे आहेत म्हणून आई फोटोत कधी हसत नाही. आज स्टुडिओवाल्याला म्हणाली, "भैया, हँसते हुए का लेना."

ऑपरेशन सोमवारी आहे. आई समोर गवार निवडतेय आणि मला तिच्या चेहऱ्यावरून नजर काढवत नाहीये.

तुमच्या घरी कुणाचं असं मशीननं ऑपरेशन झालंय का? नुसता धीर देऊ नका, जे झालं ते सांगा.