चांद्याचं आवतन

नातवंडांनो, भंडारा जिल्ह्यात आजवर माणसांनी बैलांशी जेवढं बोलणं केलं असेल, त्यातलं निम्मं एकट्या तुमच्या मोठ्या आजोबांनी केलं आहे. माझे हे थोरले दीर दिघोरीला धान पिकवतात. मी लग्न होऊन आले ती शिकलेली, शाळेत इंग्रजी शिकवणारी, घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवणारी. पहिली दहा वर्षं ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, कारण धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्याने थेट बोलू नये असा तेव्हा रिवाज होता. निरोप तर द्यावाच लागे. मग ते गोठ्यात बैलाची मान खाजवत, स्वयंपाकघरात नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "चांद्या, मास्तरीनले सांग गा, भाजीत मीठ नाही पडलं." मी मीठ घातलं की थोड्या वेळाने, "चांद्या, आता बरी झाली."

रिवाज सुटला, सवय सुटली नाही. आताचा चांद्या तिसरा आहे. नाव तेच, काम तेच. मोठी आजी एकदा तापाने फणफणली, तेव्हा डॉक्टरांपुढे हे खांबासारखे उभे होते. घरी आले आणि गोठ्यात जाऊन म्हणाले, "चांद्या, हे बाई गेली तं माह्यं कसं होईन रे?" आतून आजी तापातच ओरडली, "अजून जित्ती आहो मी! इकडे येऊन सांगा नं जी!" ते आले नाहीत. चांद्याला मात्र त्या दिवशी जास्तीची पेंड मिळाली.

गेल्या वर्षी सुट्टीत तुम्ही त्यांना तो कार्टूनचा सिनेमा दाखवलात, आठवतो ना? त्यातलं बाप अस्वल भ्यालं तरी गुरगुरतं, वाईट वाटलं तरी गुरगुरतं, आणि शेवटी पिल्लू रुसून नदीपलीकडे निघून जातं. मोठे आजोबा उकिडवे बसून पाहत होते. "हा अस्वल येडा आहे का? बोलत काहून नाही?" त्यांनी विचारलं, तेव्हा मोठ्या आजीने पदर तोंडावर घेतला. ताई, तू त्यांना समजावलंस की मनातलं नीट सांगता येणं म्हणजे भावनिक परिपक्वता. त्यावर ते म्हणाले, "धान पिकलं का लोंबी वाकते. मानूस पिकला हे कशावरून समजाचं?" तू म्हणालीस, "सॉरी म्हणता आलं की." ते उठले आणि गोठ्यात गेले.

ते का उठले, हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. त्याच्या आदल्या पोळ्याला त्यांची लेक, तुमची नागपूरची आत्या, म्हणाली होती, "बाबा, गुडघे पाहा तुमचे. विकून टाका बैल." ते भडकले. "तुले कोनं इचारलं? या घरात पाय ठेवू नको!" ती गेली ती गेलीच. दिवाळी झाली, नव्या तांदळाची खीर झाली, ती आली नाही आणि यांनी बोलावलं नाही. चांद्याला मात्र रोज विचारत, "पोरगी काय करून राहिली असन गा?"

तुमचं विमान गेलं आणि आठवड्याने पोळा आला. आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळतात, गरम फडक्याने शेकतात आणि हात जोडून बैलाला जेवणाचं आमंत्रण देतात. त्यांनी चांद्याला दिलं, त्याच्या जोडीदाराला दिलं, आणि हळदीच्या हातांनी तसेच उभे राहून मोठ्या आजीला म्हणाले, "फोन लाव तिले."

फोन लागला. पलीकडून "बाबा?" ऐकू आलं आणि यांचा आवाज गेला. आजी कुजबुजली, "बोला नं जी! अस्वलावानी काहून उभे?" त्यांनी घसा खाकरला. एकदा, दोनदा. मग दर खांदशेकणीला बैलांना म्हणून जे तोंडपाठ होतं तेच बाहेर पडलं: "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

ती त्याच गोठ्यात वाढलेली पोर. म्हणाली, "बाबा, आधी खांदा शेकाचा असते नं."

दुसऱ्या दिवशी पुरण शिजत होतं तेव्हा ती आली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "चांद्या, आली पाह्य," एवढंच म्हणाले, आणि पूजेच्या ओल्या हळदीचा हात तिच्या खांद्यावर ठेवला. त्यांची मान मात्र खाली गेली होती. तिच्या पांढऱ्या कुर्त्यावर पिवळा पंजा उमटला. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहेच. मी लगेच सांगायला लागले की साबण लावू नको, डाग लाल होतो, आधी उन्हात वाळव. ती म्हणाली, "काकू, राहू दे."

तो कुर्ता तसाच तिच्या कपाटात आहे.

मी तुम्हाला दर महिन्याला लिहिते, मुद्द्यांना आकडे घालून: दूध प्या, दात घासा, मराठी वाचा. त्यात जे लिहायचं असतं ते राहूनच जातं. मोठ्या आजोबांना निदान चांद्या होता. पोळा पुन्हा जवळ आला आहे आणि तुम्हाला उद्या जेवायला येता येणार नाही, हे मला कळतं. तरी बाळांनो, आज आवतन घ्या.