चोरांच्या वंशजांनी उभं राहावं

शनिवारी दुपारी आम्ही मेलबर्नजवळच्या ट्रुगानिनाहून निघालो. गाडीत मी आणि निखिल, दोघंच. निखिल पुण्याचा, माझ्याच ऑफिसातला, इथला माझा सर्वांत जवळचा मित्र. नवी घरं संपली आणि दुतर्फा वाळलेल्या गवताची कुरणं लागली. सोन्याच्या जुन्या खाणींच्या एका गावात शंभरेक वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये बनलेला मूकपट दाखवणार होते.

टाऊन हॉलमध्ये पडद्याशेजारी एक बाई पियानो वाजवत होत्या. पडद्यावर तोंड झाकलेला दरोडेखोर घोडागाड्या अडवत होता. शिपाई दिसला की प्रेक्षक हुर्यो करत, दरोडेखोर निसटला की टाळ्या. त्याला फाशीकडे नेलं तेव्हा माझ्या शेजारच्या आजींनी डोळे टिपले.

दिवे लागले. संयोजक म्हणाले, "कैदी म्हणून या देशात आणलेल्या चोरांच्या वंशजांनी उभं राहावं."

ही तिथली दरवर्षीची प्रथा. अर्धा हॉल हसत उठला. मी सुन्न झालो. शेजारच्या आजी हातात लॅमिंग्टन (खोबऱ्यात घोळवलेला चॉकलेट केक) घेऊन उभ्या होत्या. "आमचे खापरपणजोबा मेंढ्या चोरायचे," त्या अभिमानाने म्हणाल्या. "तुमच्यात कुणीच नाही? अरेरे."

निखिलने मला ढोसलं. "ऊठ की. तुमच्या मराठवाड्यात दरोडेखोर काय कमी होते?"

मी उठलो नाही.

परतताना त्याला सांगितलं. मी पारधी. इंग्रजांच्या कायद्याने आमची अख्खी जमात जन्मतःच गुन्हेगार ठरवली होती. माझे आजोबा लहानपणी वडिलांबरोबर पाटलाकडे हजेरी द्यायला जात. चोरलं कुणीच काही नव्हतं, म्हणून मी बसून राहिलो.

"इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"मी गेल्यावर तू पाकीट चाचपशील, असं वाटायचं."

आपल्या दाराशी उतरताना निखिल म्हणाला, "जेवूनच जा. फक्त आईसमोर हे काढू नकोस. जुन्या वळणाची आहे ती."

हॉलमध्ये बसला नव्हता एवढा धक्का मला तिथे बसला.

काकू पुण्याहून आल्या होत्या. वाढता वाढता त्यांनी विचारलं, "कसा होता रे सिनेमा?"

"दरोडेखोराचा होता, काकू. इंग्रजांनी त्याला नायक केलं. आम्हा पारध्यांना मात्र चोर ठरवलं."

त्यांचा हात थांबला. "तू पारधी?"

"हो."

त्यांनी पोळी माझ्या ताटात ठेवली. "नीट मांडी घालून बस. भाजी अजून आहे."

आश्रमशाळेतल्या गुरुजींच्या कृपेने मी शिकलो, समुद्र ओलांडला. आपण खूप लांब आलो, असं वाटायचं. त्या दिवशी निखिल खाली मान घालून जेवत होता. मी मान वर ठेवून पोटभर जेवलो.