फाइलीतला उर्दू कागद

दाजी वाळूजच्या रस्त्यावर अपघातात गेले, भरपाईची रक्कम ताईच्या खात्यात जमा झाली आणि मला अचानक अक्कल फुटली. कंपनीत आठ तास मशीनवर उभा राहणारा माणूस मी, पण मोबाइलवर चार व्हिडिओ बघून जमिनीतला जाणकार झालो होतो. बँकेत पैसा नुसता पडून राहतो, प्लॉट घेऊन टाकू, दोन-तीन वर्षांत दुप्पट होतील, असं मी तिला ऐकवलं. तिला यातलं काही कळत नव्हतं. मला कळतं, असं तिला वाटत होतं.

वैजापूर रस्त्याला प्लॉटिंग पडलं होतं. आमच्याकडे असे प्लॉट बॉण्डवर जातात. स्टॅम्पपेपर, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, की झाला माणूस मालक. रजिस्ट्री नाही. अख्ख्या वस्त्या अशा उभ्या राहिल्यात, त्यामुळे त्यात भ्यायचं काही असतं असं कुणाला वाटतच नाही. एजंटने फाइल दिली. तिच्यात सातबारा होता आणि एका जुन्या उर्दू कागदाची झेरॉक्स. हे काय, म्हणून विचारलं तर म्हणाला, निजामाच्या काळातलं आहे, आता त्याला कोण विचारतंय.

कंपनीच्या बसमध्ये रोज माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राचे वडील, आमचे चाचा, आयुष्यभर तहसीलबाहेर बसून लोकांना असेच उर्दू कागद वाचून देत आले होते. कागद माझ्या पिशवीत, मित्र खांद्याला खांदा लावून बसलेला, आणि मी तोंड शिवून बसलेलो. भाव पडलेला होता, प्लॉट थोडेच उरले होते. सुगावा लागला तर कोपऱ्याचा प्लॉट हा घेईल, अशी मला भीती. इतकी वर्षं ज्याच्या डब्यातलं खाल्लं त्याच्याबद्दल मी हा विचार केला, याची आज लाज वाटते.

कोपऱ्याचा प्लॉट ताईच्या नावाने झाला. त्यावर भाड्याच्या दोन खोल्या बांधायच्या म्हणून मी कर्ज विचारायला बँकेत गेलो. साहेबांनी बॉण्ड बाजूला सरकवला. रजिस्टर खरेदीखत नाही, जमीन बिगरशेती नाही, कर्ज द्यायचं कशावर, असं त्यांनी विचारलं. मग सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ या रकान्यावर पेन टेकवलं. तिथं ‘इनाम’ लिहिलेलं होतं. मी सातबारा पाहिला होता, पण फक्त मालकाचं नाव आणि क्षेत्र. बाकीचं वाचायचं असतं हे त्या चार व्हिडिओंत कुणी सांगितलं नव्हतं.

बँकेतून तसाच चाचांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला. दर्ग्याच्या खिदमतीसाठी, म्हणजे सेवेसाठी दिलेली इनाम जमीन आहे, कसणाऱ्याला ती विकायचा अधिकारच नाही, असं त्यांनी सांगितलं.

"ये कागद कब से है तुम्हारे पास?"

"पहले दिन से," मी म्हणालो.

मित्र चहा घेऊन दारात उभा होता. त्याने कप माझ्यासमोर ठेवला आणि आत निघून गेला. तेव्हापासून तो बसमध्ये पुढच्या सीटवर बसतो.

एजंटचा फोन बंद लागला. दावा लावता येईल, पण वर्षं जातील, असं वकील म्हणाले. मग मी ताईच्या गारखेड्यातल्या भाड्याच्या खोलीवर गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ती रडेल, शिव्याशाप देईल, अशी मनाची तयारी केली होती. 

"माझं जाऊ दे रे," ती म्हणाली. "पर तुझा बी प्लॉट गेला ना त्यात? आता पोरीच्या शिक्षणाचं कसं करशील?"

शेजारचा प्लॉट मी घेतलाय, असं मी तिला सांगितलं होतं. त्याशिवाय तिने सही केलीच नसती. मी घेतला नव्हता. आधी तिच्या प्लॉटचा भाव चढतो का ते बघू, मग आपले पैसे घालू, असं मी मनाशी ठरवलं होतं.

"व्हय," मी म्हणालो. "गेला."

तिने मला जेवायला वाढलं. तेव्हापासून ती माझ्यासमोर त्या पैशांचं नावही काढत नाही. नात्यातलं कुणी मला बोलायला लागलं तर त्यालाच गप्प करते. त्याचं बी बुडालंय, म्हणते.