केबलला फ्लॅश मारला तो दिवस

गॅरेजमधून गाड्या दुरुस्त होऊन जातात, किस्से मात्र आमच्याकडेच पडून राहतात. कुणी चहाला आलं की एक निघतो, त्याला अडकून दुसरा येतो. आमच्या बुऱ्हाणपूरच्या दिलीपभाऊंच्या गॅरेजमधले निम्मे किस्से तर एकाच दिवसाचे आहेत, केबल गेली त्या दिवसाचे.

ही केबल गाडी आणि लॅपटॉपच्या मधे लावायची. इंजिनाचं दुखणं तीच सांगते, आणि नवी चावी गाडीच्या ओळखीची करून द्यायची तरी तीच लागते. त्या दिवशी खकनारचे सुभाषभाऊ चावी हरवून बसलेले, गाडी टोचन करून आमच्या दारात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना शेजारच्या काकूंना डायलिसिसला आणायचं होतं, आणि त्या वेळी निघणारी गावात तेवढीच गाडी.

मी केबल जोडून हात धुवायला गेलो. तेवढ्यात स्क्रीनवर विचारणा आली, अपडेट करायचं का? दिलीपभाऊंनी 'येस' दाबलं. अपडेटने केबलच्या चिपमधला प्रोग्रामच पुसून टाकला.

"भाऊ, आपली केबल डुप्लिकेट आहे. हिला अपडेट चालत नाही!"

"इतक्या अदबीनं विचारून राहिलं होतं," भाऊ म्हणाले, "नाही कसं म्हणू भो?"

भाऊंनी आजवर कुणालाच नाही म्हटलेलं नाही. मलाही त्यांनी त्याच सवयीनं कामावर ठेवलं.

*

पुसलेला प्रोग्राम परत भरता येतो, पण त्याची फाईल लागते. आमच्या धंद्यात तिला 'डंप' म्हणतात. मी मेकॅनिकांच्या ग्रुपवर टाकलं, 'अर्जंट डंप पाहिजे.'

थोड्या वेळानं देडतलाईहून फोन. "डंपर निघाला भाऊ. मुरूम कुठं उतरवायचा?"

त्याला परत फिरवलं तर चिडायचं सोडून त्यानंच चार ठिकाणी फोन लावले, आणि त्याच्या मेव्हण्याकडून फाईल आली. त्या माणसाचे उपकार कसे फेडावे कळत नाही. मुरूम तर आम्ही घेतलाच नाही.

*

"आता फक्त फ्लॅश मारायचा," मी भाऊंना म्हटलं, म्हणजे ती फाईल चिपमध्ये भरायची. भाऊ बाहेर गेले आणि समोरच्या फोटो स्टुडिओवाल्या विजूला घेऊन आले, लाइट आणि छत्रीसकट.

विजूनं केबल उलटीसुलटी पाहिली. "पासपोर्ट साइज का?"

खरं समजल्यावरही तो गेला नाही. "आलोच आहे तर उजेड तरी धरतो," म्हणाला. चिपच्या त्या बारीक पायांवर तेवढा चांगला उजेड मला परत कधी मिळाला नाही.

*

चिपचे दोन पाय काम होईपर्यंत एकमेकांना जोडून धरावे लागतात, आणि आमचे चिमटे सगळे इंजिनाच्या मापाचे. शेजारच्या पार्लरवाल्या मंदाताईंनी भुवयांचा चिमटा दिला. वर बजावलं, "ग्रीस लागलं तर तुमच्याच भुवया काढीन."

धरायला सुभाषभाऊ बसले. "हात हलला तर?"

"केबल कायमची जाईल."

ते श्वास रोखून बसले. मी अजून लॅपटॉपही सुरू केला नव्हता.

*

आणि खरी भीती लॅपटॉपचीच होती. त्याची बॅटरी संपलेली, चालायचा थेट लाइटवर. आमच्या गल्लीत घरोघरी पॉवरलूम. चार लूम एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि लॅपटॉप बंद. अर्ध्यावर बंद झाला असता तर काकूंची उद्याची फेरी हुकली असती.

भाऊ शेजारच्या युसूफचाचांकडे गेले. चाचा एवढंच म्हणाले, "पेशंट का मामला है ना? रुको." त्यांनी आपले लूम थांबवले, मग पलीकडच्यांना सांगितलं, आणि बघता बघता सगळ्या गल्लीचे लूम बंद झाले. विणलेल्या कापडाच्या मीटरवर मजुरी मिळणारी माणसं ही. काकूंना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं.

मी बटण दाबलं. स्क्रीनवरची पट्टी सरकत सरकत शेवटाला पोचली, केबलचा हिरवा दिवा लागला. नवी चावी जोडली आणि गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. सुभाषभाऊ स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागले.

बाहेर आलो तर गल्ली माणसांनी भरलेली. आमच्याकडे भरदिवसा सगळे लूम थांबतात ते गल्लीत कुणी गेलं तरच. मागच्या मोहल्ल्यातले लोक चाचांच्या दारापुढे खाली मान घालून उभे होते, कारण चाचांचे वडील, बडे अब्बा, गल्लीत सगळ्यात म्हातारे आणि आठवडाभर आजारी. कुणीतरी गाडीच्या खिडकीतून हात घालून सुभाषभाऊंची पाठ थोपटत होतं, "सब्र करो भैया, सब्र करो."

तेवढ्यात दार उघडलं आणि काठी टेकत बडे अब्बाच बाहेर आले. त्यांनी गर्दीकडे पाहिलं, रडणाऱ्या सुभाषभाऊंकडे पाहिलं, आणि हळू आवाजात विचारलं, "मैं तो इधर हूँ. फिर गया कौन?"