बाबांचा नारिंगी ट्रक

आम्ही न्यूझीलंडला निघालो तेव्हा मुंबईच्या विमानतळावर आई डोळ्यांना पदर लावून उभी होती आणि बाबा आमच्या बॅगांची कुलपं ओढून ओढून बघत होते. सगळी कुलपं पास झाल्यावर ते मला म्हणाले, "मंजू, आता आम्हाला तिकडे बोलवत बसू नकोस. आलोच तर चार दिवस पाहुणे म्हणून येऊ. लेकीच्या घरी मुक्काम ठोकायचा नसतो." मी एकुलती एक. मग मुक्काम ठोकणार तरी कुठे, हे विचारायचं तेव्हा राहून गेलं, कारण चेक-इनची रांग पुढे सरकली होती.

पुण्यात असतानाही हेच. कोथरूडला माझ्या सासरी आले की बाबा खुर्चीच्या कडेवर बसायचे, अर्धा कप चहा घ्यायचे आणि उठायचे. जेवायला थांबा म्हटलं की त्यांना हमखास काहीतरी काम आठवायचं. तुमच्यापैकी ज्यांचे वडील त्या पिढीतले आहेत, त्यांना हे नव्यानं सांगायला नको.

आई गेल्यावर मी चिंचवडला जाऊन बाबांना इथे, वेलिंग्टनजवळच्या लोअर हटला घेऊन आले. मला ते कायमचे इथे हवे होते. बाकी काही नको होतं, आणि नेमकं तेच त्यांना मान्य नव्हतं. "सहा महिने. एक दिवस जास्त नाही," असं बजावूनच ते विमानात बसले.

आमची लेक शिकायला डनेडिनला, म्हणून तिची खोली त्यांना दिली. पण त्यांनी बॅग रिकामी केलीच नाही. कपडे बॅगेतून काढायचे, घालायचे, धुऊन पुन्हा बॅगेत ठेवायचे. चहा झाला की कप विसळून, पुसून जागच्या जागी. माझा नवरा श्रीकांत म्हणायचा, "बाबा, जरा पाय वर घेऊन बसा, आपलंच घर आहे." त्यावर "हो हो, श्रीकांतराव" म्हणून ते आणखी ताठ बसायचे. सकाळी ट्रेननं वेलिंग्टनला ऑफिसात जाताना मला प्रश्न पडायचा, या घरात सासुरवाशीण नक्की कोण, मी की बाबा?

मग तो ट्रक आला. बाबांची सगळी नोकरी पिंपरीच्या एका ट्रकच्या कारखान्यात झाली, पण हजेरी विभागात. खिडकीबाहेरून नवे कोरे ट्रक जायचे आणि हे आत बसून कार्डं तपासायचे. इथल्या ऑप शॉपमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, प्लास्टिकचे सुटे भाग जोडून करायचा एक ट्रक त्यांना दिसला. तो खोका त्यांनी काउंटरपर्यंत छातीशी धरून नेला. जोडला तर झकास. घोडं अडलं ते रंगापाशी.

पहिल्यांदा त्यांनी नारिंगी स्प्रे असा मारला, जसा दिवाळीआधी भिंतीला चुना मारतात. जिकडेतिकडे ओघळ. मग यूट्यूब बघून शहाणे झाले. आधीचा रंग उतरवायचा, बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून बॉडी घासायची, प्रायमर मारायचा, मग रंगाचे पातळ पातळ हात द्यायचे आणि दोन हातांच्या मध्ये धीर धरायचा. हिवाळ्यात स्प्रेचा डबा कोमट पाण्यात ठेवला की रंग बारीक उडतो, हेही शिकले. त्याच पातेल्यात शेजारी त्यांची खोबरेल तेलाची बाटली असायची, कारण तीही थंडीनं थिजलेली. डोक्याला तेल चोळायचं आणि थेट गॅरेजमध्ये जायचं, हा त्यांचा सकाळचा क्रम झाला.

ओघळ थांबले, पण आता बॉडीवर दर वेळी बारीक खड्डे पडायला लागले, देवीच्या व्रणांसारखे. रंग तिथे बसायलाच तयार नसायचा. बाबा चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "अर्धवट काम टाकून जाणं बरं दिसत नाही. हा एकदा गुळगुळीत झाला की निघतो." तिकीट पुढे ढकललं. पुन्हा रंग, पुन्हा खड्डे, पुन्हा तिकीट पुढे. पुण्यात खड्ड्यांच्या नावानं बोटं मोडणारी मी, इथे तोंडानं "अरेरे" म्हणायची आणि मनात पेढे वाटायची.

एका शनिवारी मी कपडे वाळत घालत होते. शेजारचा ब्रायन कुंपणापाशी आला. त्यालाही जुन्या गाड्या रंगवायचा नाद आहे. त्यानं ट्रकची चौकशी केली, मी खड्ड्यांचं रडगाणं सांगितलं. तो म्हणाला, ते हातांच्या तेलामुळे. तेलाचा हात लागला की त्या जागी रंग धरत नाही. भांड्यांच्या साबणानं बॉडी धुवायची, ग्लव्ह्ज घालून काम करायचं, की झालं, स्वीट अ‍ॅज, म्हणजे इथल्या भाषेत एकदम झकास! "आय टोल्ड युअर डॅड एजेस अगो," तो म्हणाला, "ग्लव्ह्जचा बॉक्सपण दिला मी त्यांना."

मी ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिले. बाबांना ठाऊक होतं. ठाऊक असून ते रोज तेलाचे हात घेऊन गॅरेजमध्ये जात होते. त्यांना जायचं नव्हतं, आणि राहतो म्हणायला जीभ रेटत नव्हती.

मी गॅरेजमध्ये गेले. बाबा ट्रकची बॉडी हातात फिरवत बसले होते. ग्लव्ह्जचा खोका वर फळीवर होता, न फोडलेला. मी तो काढून त्यांच्यासमोर ठेवला.

"ब्रायन भेटला वाटतं," बाबा म्हणाले.

"भेटला."

त्यांनी बॉडी खाली ठेवली. मग खोक्याकडे बघतच म्हणाले, "चिंचवडचं घर आता फार मोठं वाटतं गं."

"मग राहा ना इथे. त्या बिचाऱ्या ट्रकवर कशाला ढकलताय?"

"लोक म्हणतील, म्हातारा लेकीच्या गळ्यात पडला."

"कुठले लोक? ब्रायन?"

ते हसले नाहीत. "श्रीकांतराव काय म्हणतील?"

"तुमच्या लांब मुदतीच्या व्हिसाची सगळी माहिती त्यानंच काढून ठेवलीये. तुम्हाला विचारायला घाबरतो, एवढंच. आणि गळा माझा आहे ना बाबा? पडा खुशाल."

हात तेलकट होते म्हणून त्यांनी मनगटानं डोळे पुसले. माझे तर केव्हाच वाहत होते. मग त्यांनी खोका फोडला, एक ग्लव्ह उलटा घातला, काढला, पुन्हा सुलटा घातला आणि बॉडी उचलून सिंककडे गेले.

पुढच्या रविवारी ट्रक तयार झाला. उन्हात ठेवला तर त्यात खिडकीची चौकट दिसत होती. बाबा बोटाच्या मागच्या बाजूनं त्याच्या टपावरून हात फिरवत होते, तेवढ्यात चिंचवडहून त्यांच्या मित्राचा, कुलकर्णीकाकांचा फोन आला. बाबा फोनवर नेहमीच ओरडून बोलतात, त्या दिवशी सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असेल.

"ट्रक? झाला की! एकदम नंबरी... छे रे, तिकीट कसलं? आता इथेच. लेकीकडे! अरे लेकीकडे म्हणतोय, ऐकू येतंय ना? कायमचा!"

आई गेली तेव्हा मला वाटलं होतं, माझं माहेर संपलं. माझ्यासारख्या दूर आलेल्या लेकींना ही भीती सांगायला नको, आणि जे तिकडे आईवडिलांजवळ राहिलात, त्या तुम्हालाही ती कधीतरी कळेल. इतकी वर्षं लोअर हटचं हे घर मला सोयीचं होतं, उबदार होतं, पण रजा काढून जावं असं घर मात्र चिंचवडलाच होतं. आता संध्याकाळी दार उघडलं की आतून आवाज येतो, "मंजू, चहा टाकलाय, हातपाय धुऊन ये." माहेरी जायला मला विमान लागत नाही. मी ट्रेनमधून उतरते आणि चालत जाते.