वाळूतल्या किड्याचं रक्त

राजदीप दर तासाची घंटा झाली की पाणी प्यायचा. तहान असो नसो. दिवाळीच्या आधीच स्वेटर घालायचा आणि होळी होऊन गेली तरी अंगावर ठेवायचा. गार फरशीवर बसायचा नाही. खाली वर्तमानपत्र घ्यायचा, ते नसलं तर माझी बॅग. दुखायला लागलं की बोलणं थांबवून खडूचे तुकडे करत राहायचा. फळ्यावर प्राणी काढताना शेपटीकडून सुरुवात करायचा. डोळे पिवळे झालेत का ते मोटारसायकलच्या आरशात बघायचा, आणि कुणी पाहिलं तर केस नीट केल्यासारखं करायचा. ‘पुढच्या वर्षी’ असं तो म्हणायचा नाही. फक्त समुद्राबद्दल बोलताना म्हणायचा.

समुद्र त्यानं पाहिलेला नव्हता.

आम्ही गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यातल्या एकाच गावचे. त्याची माय सुमनबाई आमच्या शेतात धानाच्या रोवणीला यायची. वडील तो लहान असतानाच गेले. राजदीप प्राणिशास्त्र शिकला आणि सडक अर्जुनीकडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागला. मी मराठी घेऊन एम.ए. झालो आणि कुठंच लागलो नाही. रोज त्याच्या गाडीवर मागं बसून जायचो आणि कॉलेजच्या वाचनालयात बसायचो. तो मला ‘कवी’ म्हणायचा. मी कविता लिहीत नाही, हे त्याला माहीत होतं.

त्याला सिकलसेल होता. आमच्याकडं हे समजावून सांगावं लागत नाही. दवाखान्यातून रुग्णाला मिळणारं लाल कार्ड म्हटलं की लोक गप्प होतात. बाहेरच्यांसाठी सांगतो. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात. बारीक नसांमध्ये अडकतात. जिथं अडकतात तिथं हाड फोडल्यासारखं दुखतं. हे डॉक्टरांनी सुमनमावशींना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ‘विळा’ हाच शब्द वापरला होता. त्या दिवसापासून मावशींनी आपला विळा घरात आणला नाही. बाहेर, छपराच्या वाशाला अडकवून ठेवायच्या.

असा विळा बाहेर ठेवणारी बाई अंधश्रद्धाळू असेल असं वाटेल. नव्हती. एकदा शेजारचे उदाराम एका भगताला घेऊन आले. मावशींनी दोघांना चहा पाजला आणि म्हणाल्या, “आमच्या घरी बुद्ध आहे अन् दवाखाना आहे. तिसरं काही चालत नाही.” भगत चहा पिऊन गेला.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक जुनी बरणी होती. आत फॉर्मॅलिनमध्ये एक पांढरा पडलेला किडा. अरेनिकोला. समुद्रकाठच्या वाळूत बीळ करून राहणारा, गांडुळासारखा वलयांचा बनलेला प्राणी. अभ्यासक्रमात त्याला एक पान होतं. राजदीप त्याला आठवडा द्यायचा. मुलं त्याला ‘अरेनिकोला सर’ म्हणू लागली.

रोवणी संपली त्या सुमाराची एक संध्याकाळ. मावशी दारात पायाचा चिखल धूत होत्या. मी ओट्यावर होतो. राजदीपनं काडी घेतली आणि ओल्या अंगणात इंग्रजी यू काढला.

“हे पाह्य, माय. हे त्याचं घर. वरून दोन भोकं, खाली वाकन. तो खाली राहते. तोंडापुढची वाळू खाते, त्यातलं कामाचं ठेवते, अन् मांगच्या भोकातून शेपटी वर करून बाकीची बाहेर टाकते. शेवेसारखा ढीग.”

“आपल्या बांधीतला गांडूळ असाच ढीग टाकते,” मावशी म्हणाल्या.

“मंग! चुलतभाऊच होय तो. गांडूळ गावात राहिला, हा समुद्रावर गेला.”

“शिकला असन.”

“कवीवानी नसन शिकला. कामाले लागला.”

मी त्याला काडी फेकून मारली. तो बोलतच राहिला. ओहोटी लागली की पाणी मागं जातं. किडा तासन्‌तास ओल्या वाळूत अडकतो, ताजा प्राणवायू नाही. तरी मरत नाही. पाठीवर लाल झुपकेदार कल्ले असतात, आणि रक्त आपल्यासारखंच लाल. पण त्या रक्तात लाल पेशीच नाहीत. हिमोग्लोबिन मोकळंच वाहतं. त्याचा एकेक रेणू आपल्यापेक्षा कितीतरी मोठा, आणि प्राणवायूही कितीतरी जास्त धरून ठेवणारा.

“पेशीच नाही,” तो म्हणाला, “तं वाकडी काय होईन?”

मावशींचा हात पायावर थांबला. “अन् गांडुळाचं?”

“त्याचंबी तसंच. मोकळं.”

“मानसाले देऊन पाह्यलं का कोनी?”

“परदेशात पाहून राहिले. काढलेलं मूत्रपिंड दुसऱ्याले बसवेपर्यंत जितं ठेवाले वापरतेत. पुढं होईन काहीतरी.”

“खाऊन नाही होत का?”

राजदीप हसला. “खाऊन पाह्य. लसनाच्या चटनीसंग चांगला लागन.”

मीही हसलो. मावशींनी उरलेला चिखल धुतला आणि आत गेल्या.

पुढं धान निसवलं, लोंब्या बाहेर आल्या. राजदीपला त्या महिन्यांत आधी एकदा, मग पुन्हा दुखलं. दोन वर्षांत इतकं लागोपाठ दुखलं नव्हतं. तो म्हणाला, थंडी लवकर आली. मीही तेच म्हणालो.

त्याचं औषध कॅप्सूलचं होतं. रोज जेवण झालं की मावशी डब्यातून एक काढायच्या, पाण्याचा तांब्या पुढं करायच्या, आणि तो न बघता गिळायचा. लहानपणापासून तसंच. नोव्हेंबरमध्ये एकदा जेवता जेवता त्याला झोप लागली. सकाळी मावशींनी कालची कॅप्सूल कागदात गुंडाळून खिशात घातली. प्रयोगशाळेत त्यानं कागद सोडला तर ती उघडली होती. आतली पूड तपकिरी होती. औषध पांढरं असतं. त्यानं वास घेतला. ओल्या मातीचा.

मला त्यानं वाचनालयातून बोलावून नेलं. पूड पाण्यात कालवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली होती.

“पाह्य.”

मी पाहिलं. पिवळसर बारीक काटे दिसले, किंचित दुहेरी वाकलेले.

“काय आहे?”

“गांडुळाच्या अंगावरचे काटे. जमीन पकडाले असतात. वाटले तरी मोडत नाहीत.” तो स्टुलावर बसला. खाली काही घेतलं नाही. “मायनं वाटले.”

 मग सगळं जुळत गेलं. छपराच्या टिनावर फडक्यात काहीतरी वाळत असायचं. मावशी म्हणायच्या, सोडे आहेत, वास येतो, हात लावू नका. त्या कॅप्सूल उघडून औषध टाकून देत होत्या आणि त्यात गांडुळाची पूड भरत होत्या.

“राग आला का?” मी विचारलं.

“कोनावर? भगताले तिनं दारातून वापस पाठवलं. माझ्यावर विश्वास ठेवला. तिनं विचारल्याचं उत्तर मी देलं नाही, चटनी सांगतली.”

त्याच दिवशी तो दवाखान्यात जाऊन नव्या कॅप्सूल घेऊन आला. औषध सुटलं की त्याचा जोर ओसरतो आणि परत चढायला वेळ लागतो, हे त्याला माहीत होतं. नव्या कॅप्सूल तो कॉलेजात घ्यायचा. घरी मायच्या हातची जिभेखाली धरायचा आणि हात धुवायला बाहेर गेला की थुंकायचा.

“सरळ सांगून टाक ना,” मी म्हणालो.

“सांगतलं तं ऐकन. अन् रडन. समजन नाही. मंग कोनी दुसरं काही सांगन, ते करन. दाखवा लागते तिले.”

त्यानं ठरवलं होतं ते असं. हिमोग्लोबिन मोजायच्या एका जुन्या पद्धतीत रक्ताचा थेंब पातळ आम्लात टाकतात. लाल रंग जातो, तपकिरी होतो. त्याच्या लहानपणी मावशींनी हे दवाखान्यात कितीदा पाहिलं होतं. पोटातही तेच आम्ल असतं. दोन नळ्या घ्यायच्या. एकीत स्वतःच्या बोटाचा थेंब, दुसरीत गांडुळाचा. दोन्ही मायच्या डोळ्यांदेखत तपकिरी होतील. तिला दिसेल की रक्त कुणाचंही असो, पोटात गेलं की रक्त राहत नाही. मग म्हणायचं, माय, तुझी गोष्ट खोटी नव्हती, रस्ता चुकला. रविवार ठरला. आम्लाची बाटली, नळ्या आणि टोचायची सुई त्यानं शुक्रवारीच घरी नेऊन फळीवर ठेवली. न्हाणीजवळच्या केळीखालचा एक गांडूळ ओल्या मातीसकट डब्यात घालून तिथंच ठेवला.

शनिवारी आभाळ आलं होतं, वारा होता. दुसऱ्या तासाला तो शिकवता शिकवता थांबला आणि खडू मोडू लागला. मुलांना वाटलं, नेहमीचं. मी गेलो तेव्हा टेबलावर खडूचा चुरा होता आणि तो छाती धरून बसला होता.

गोंदियाला नेलं. तिथून नागपूरला. गाडीत मावशी त्याचे तळपाय घासत होत्या. सडक अर्जुनी मागं पडली तेव्हा त्यानं तोंडावरचा मास्क उचलला.

“ओहोटी लागली गा, कवी.”

मी म्हणालो, गप रे. त्याच्याशी हेच माझं शेवटचं बोलणं.

रविवारी दुपारी तो गेला. सव्वीस वर्षांचा होता.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, औषध सुटल्यानं झालं असंही म्हणता येणार नाही आणि नाही असंही. हे उत्तर मी अजून कुठं ठेवावं ते मला कळलेलं नाही.

मावशींना त्याच्या बॅगेत नव्या कॅप्सूल सापडल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळे जमले असताना त्या उठल्या आणि पूड भरल्याचं सांगून टाकलं. जोरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं.  लोक गेल्यावर त्यांनी मला थांबवलं.

“त्याले माहीत होतं का?”

“होतं.”

“मंग बोलला काऊन नाही?”

मी रविवारचं सांगितलं. आम्ल, नळ्या, थेंब. जमेल तसं. मधे मी अडखळलो तर त्या म्हणाल्या, सांग. शेवटपर्यंत ऐकलं.

“हे लिहिता येते का तुले?”

“येईल.”

“मंग लिही. माझ्या नावानं लिही. दुसरी कोनती माय असन, ते तं वाचन.”

मग त्या आत गेल्या आणि फळीवरचं सगळं घेऊन आल्या. माझ्यासमोर मांडलं. “तू दाखव. मले पाहाचं आहे.”

मी बाटली हातात घेतली. आम्ल किती घालायचं, गांडुळाला कुठं टोचायचं, मला काहीच माहीत नव्हतं. डब्याचं झाकण उघडलं. माती ओली होती. मावशी रोज पाणी शिंपडत होत्या. वर बारीक मातीचा ताजा ढीग होता.

मी झाकण लावलं. मावशींनी आग्रह केला नाही.

सगळं अजून त्या फळीवर आहे. न उघडलेली सुई. बाटली. दोन काचेच्या नळ्या, पेल्यात उभ्या. दोन्हींवर त्यानं कागदाची पट्टी चिकटवली होती. एकीवर लिहिलंय, ‘मी’. दुसरीवर लिहायचं राहिलं.