पंगतीत लावलेलं भिंग

बीडच्या स्टँडासमोर माझं झेरॉक्सचं दुकान, शेजारी परमेश्वरचं घड्याळांचं. माणूस हुशार, पण विचारल्याबरोबर उत्तर द्यायची भारी हौस. या हौसेपायी एक भला माणूस झुरून गेला, असं मी त्याला तोंडावर म्हणतो. तो मान खाली घालतो.

नेकनूरला लग्न होतं. नवरीचे, म्हणजे शिवकन्याचे वडील गहिनीनाथ. पाटोद्याच्या एका बड्या जमीनदाराकडे जन्मभर ड्रायव्हर. मालकानं स्वतःच्या मनगटावरचं परदेशी सोन्याचं घड्याळ काढून त्यांना दिलेलं. तेच त्यांनी जावयाला घातलं. आता नवरदेवाला जुनं द्यायचं नसतं आपल्याकडे, म्हणून डागाळलेली डायल हैदराबादहून नव्यानं रंगवून आणली होती.

ड्रायव्हरकडे असलं घड्याळ कुठून, अशी वरपक्षाला शंका आली. परमेश्वर पंगतीत जेवत होता आणि भिंग कायम त्याच्या खिशात.

"बघा बरं, खरं हाय का?" वरपक्षातल्या एकानं घड्याळ त्याच्यापुढं धरलं.

त्यानं जिलेबी बाजूला सारून भिंग लावलं. कंपनीच्या नावाची अक्षरं पसरट दिसली. "डुप्लिकेट हाय," म्हणाला. "दुकानात आणा, उघडून बघतो" एवढं म्हणायला काय जात होतं बाबाचं? पण सगळी पंगत बघत होती ना!

"ड्रायव्हरनं बनवलं आपल्याला," कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. घड्याळ परत आलं. गहिनीनाथांनी ते खिशात घातलं. परमेश्वर म्हणाला म्हणजे संपलं, असंच सगळे मानायचे, त्यांनीही मानलं. मालकानंच आपल्याला फसवलं, असं धरून बसले. पुन्हा लेकीच्या घराची पायरी चढले नाहीत, नातवाच्या बारशालासुद्धा नाही. भेटायचं झालं तर पिशवी घेऊन नेकनूरच्या फाट्यावर उभे राहायचे. घरी न येण्याचं कारण सासरी सांगायचं नाही, अशी लेकीला शपथ घातलेली.

यंदा ते वारले. शिवकन्या घड्याळ घेऊन दुकानात आली. "काका, खोटं असलं तरी चालू करून द्या. अण्णांची आठवण हाय."

परमेश्वरनं मागचं झाकण उघडलं. आत अठरा कॅरेटचा शिक्का, मशीनवर त्याच कंपनीचं नाव. नवी होती ती फक्त डायलवरची रंगरंगोटी. त्यानं तिला खरं ते सांगितलं.

"मग हे आमच्या घरी येऊन सांगा," ती म्हणाली.

तो मला घेऊन नेकनूरला गेला. तिचे सासरे भागवतराव ओट्यावर बसले होते. परमेश्वरनं हात जोडून चूक कबूल केली. म्हातारा गोंधळला.

"कोणतं घड्याळ?" आठवायला त्याला वेळच लागला. मग हसला. "ते व्हय! ते तर आमी तवाच इसरलो. पण व्याही कावून येत न्हवते कधी? मला वाटलं, लई ताठ्याचा माणूस हाय."

शिवकन्या चहा घेऊन आली होती. तिनं कप खाली ठेवले.

"मामा," ती म्हणाली, "अण्णा फाट्यावर पावसात उभे ऱ्हायचे."